वाळूच्या टेकड्या, चित्रीकरण आणि गावाची सार्वजनिक जमीन



नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या महामार्गावर करंजी घाट ओलांडल्यानंतर तिसगाव लागते. कानिफनाथांच्या मढीला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या परिचयाचे हे गाव. पर्जन्यछायेतील या प्रदेशात पावसाचा भरवसा नसतो. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, शेळ्या-मेंढ्यांचे कळप, ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडणारी कुटुंबे आणि टंचाईच्या वर्षी टँकरच्या वाटेकडे लागलेले डोळे, हे पाथर्डी तालुक्याचे परिचित चित्र होय. गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकताच दृष्टीस पडते ते माळरान. चैत्र-वैशाखात ते पिवळे, करडे आणि निर्मनुष्य दिसते. परक्या माणसाच्या तोंडून सहज एक शब्द निघून जातो : ‘ओसाड’.

हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. जमीन एकदा ओसाड ठरली की तिच्यावर काहीही करावयास मोकळीक आहे, अशी समजूत रूढ होते. कोणी तेथून मुरूम उचलतो, कोणी कचरा आणून टाकतो, कोणी कुंपण घालून बसतो. गेल्या काही दशकांत अशा जमिनींकडे आणखी एका व्यवसायाचे लक्ष गेले आहे. तो म्हणजे चित्रपटाचा व्यवसाय. जेथे विजेचे खांब नाहीत, पक्की घरे नाहीत, क्षितिजापर्यंत नजर अडत नाही, अशी जागा कॅमेऱ्याला हवी असते. आणि अशी जागा बहुधा शासनाची, वनखात्याची किंवा गावाच्या सामाईक उपयोगाची असते.

या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट अनुभव जगाला आला तो वाळूच्या टेकड्यांवर. वाळूची टेकडी ही भूमीच्या सर्व प्रकारांत अधिक रिकामी मानली गेलेली आणि पडद्यावर अधिक शोभून दिसणारी जागा आहे. तिसगावच्या शिवारात वाळूच्या टेकड्या नाहीत, हे खरे. परंतु त्या टेकड्यांनी जो धडा दिला, तो येथील गायरानास आणि माळास जसाच्या तसा लागू पडतो. तो धडा असा, की कॅमेऱ्याला रिकामी दिसणारी जमीन प्रत्यक्षात रिकामी नसते. आणि तिच्या वापरास अनुमती देणाऱ्याने, ती होती तशी परत घेण्याची जबाबदारीही त्याच वेळी स्वीकारलेली असते.

वांगणीच्या पाटलाचा प्रश्न

चित्रीकरण करणारी मंडळी आणि गाव यांच्या पहिल्या भेटीची हकीकत महाराष्ट्रातीलच आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्याच्या बाह्य चित्रीकरणासाठी फाळक्यांची मंडळी कल्याण-कर्जत लोहमार्गावरील वांगणी येथे गेली होती. फाळके स्वतः आजारी असल्यामुळे मागाहून यावयाचे होते. मंडळींजवळ ढाली, तलवारी आणि भाले होते. ती शस्त्रे पाहून गावकऱ्यांची अशी समजूत झाली की दरोडेखोर आले आहेत. पाटलाला आणि फौजदाराला वर्दी गेली व सारी मंडळी अडकवून ठेवण्यात आली. फाळके आल्यावर त्यांनी कॅमेरा मांडून चित्रण कसे करतात ते प्रत्यक्ष करून दाखविले, तेव्हा कोठे सुटका झाली, असे सांगतात.

ही हकीकत विनोद म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यात एक गंभीर बाजू आहे. ‘तुम्ही कोण, कशासाठी आलात आणि कोणाच्या अनुमतीने आलात?’ हा त्या पाटलाचा प्रश्न मुळीच चुकीचा नव्हता. गावाच्या हद्दीत येणाऱ्या अनोळखी समुदायाला तो विचारणे हे त्याचे कर्तव्यच होते. आज स्थिती उलट झाली आहे. मोटारी, दिवे आणि ओळखीचे नट दिसताच गाव भारावून जाते आणि तो प्रश्न विचारावयाचा राहून जातो. प्रश्न विचारला न जाण्याची किंमत काय असू शकते, हे समजण्यासाठी प्रथम वाळूची टेकडी ही काय वस्तू आहे, ते पाहणे आवश्यक आहे.

टेकडी म्हणजे वाळूचा ढीग नव्हे

वाळूची टेकडी वारा घडवितो. वाऱ्याचा वेग पुरेसा झाला म्हणजे वाळूचे बारीक कण जमिनीवरून लहान लहान उड्या मारीत पुढे सरकतात. एखादे झुडूप किंवा दगड आडवा आला की तेथे वाऱ्याचा जोर कमी होतो आणि कण साचू लागतात. वाऱ्याकडील उतार सौम्य राहतो. पलीकडचा उतार मात्र सुमारे ३० ते ३४ अंशांचा, म्हणजे सुटी वाळू ज्या चढावर जेमतेम तोल सांभाळून राहू शकते तेवढा होतो. चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्यांना भूगोलाच्या पुस्तकांत बारखाण म्हटलेले असते. उघडी टेकडी वाऱ्याबरोबर पुढे पुढे सरकत राहते.

राजस्थानच्या थर वाळवंटातील अनेक टेकड्या अशा सरकत नाहीत, कारण वनस्पतींनी त्यांना बांधून ठेवले आहे. सेवण नावाचे गवत, फोगाचे झुडूप आणि पायथ्याच्या सखल भागात खेजडी, म्हणजेच महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी शमी, ही त्यांतील प्रमुख नावे होत. पाऊस थोडाच पडतो, पण वाळूत तो चटकन मुरतो. वरचा थर लवकर वाळतो आणि तोच कोरडा थर खालचा ओलावा उडून जाऊ देत नाही. त्या ओलाव्यावर मुळे जगतात, मुळे वाळू धरून ठेवतात आणि धरलेल्या वाळूवर गुरांसाठी चारा उगवतो. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था या विषयात अनेक दशके काम करीत आली आहे. सरकत्या टेकड्या थांबविण्यासाठी चराईपासून संरक्षण, वाऱ्याच्या आड झुडपांच्या काटक्यांच्या ओळी आणि त्यांच्या आश्रयाने झाडे व गवत यांची लागवड, अशी पद्धत तेथे बसविण्यात आली. म्हणजे जे आवरण निसर्गाने दिले होते, ते एकदा गेल्यावर पुन्हा आणण्यास किती सायास पडतात, याचा हा पुरावाच होय.

महाराष्ट्रातही वाळूच्या टेकड्या आहेत. मात्र त्या समुद्रकाठी आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशीची टेकडी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील संशोधकांनी तिचा अभ्यास केला असून, सोळाव्या शतकाच्या आरंभी समुद्रातून आलेल्या प्रचंड लाटेच्या खुणा तिच्यात असाव्यात, असे मत मांडले गेले आहे. किनाऱ्याची टेकडी वादळाचा मारा स्वतःवर झेलते आणि मागच्या वस्तीचे व शेतीचे रक्षण करते. म्हणूनच किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्यांचा समावेश पर्यावरणदृष्ट्या सर्वाधिक संवेदनशील अशा वर्गात करण्यात आला आहे. ज्याला व्यवहारात वाळूचा ढीग म्हटले जाते, त्याला कायद्याने गावाचा बांध मानले आहे.

कॅमेरा वाळवंटात जातो

चित्रीकरणामुळे दुर्गम प्रदेशाचे हित होते, हेही नमूद केले पाहिजे. सुनील दत्त यांनी ‘रेश्मा और शेरा’ या १९७१ च्या चित्रपटासाठी जैसलमेरजवळील पोचीना गावाच्या परिसरात चित्रीकरण केले. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट १९७४ मध्ये आला आणि बंगालमधून जैसलमेरचा किल्ला पाहावयास येणाऱ्यांची रीघ लागली. उंटवाले, लोकगायक, खाणावळी चालविणारे अशा अनेकांना काम मिळाले. ज्या जिल्ह्यात शेतीचा आधार तोकडा आहे, तेथे अशा उत्पन्नाचे मोल मोठे आहे.

परंतु त्याच प्रदेशात दुसरीही एक वस्ती आहे. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांतील ३,१६२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८० मध्ये मरुभूमी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. त्याचे प्रमुख कारण म्हणजे गोडावण पक्षी. राजस्थानचा गोडावण म्हणजेच महाराष्ट्राचा माळढोक. तो अंडे उघड्या जमिनीवर घालतो. मोटारीत बसलेल्या माणसाला जे मैदान रिकामे वाटते, तेच त्या पक्ष्याचे घर असते. याच माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळांवर अभयारण्य जाहीर झाले. आज हा पक्षी महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. वाळवंटातील टेकडी आणि नगर जिल्ह्यातील माळ यांचे नाते भूगोलाच्या नकाशात सापडत नसले, तरी या एका पक्ष्याच्या जीवनात ते सापडते.

परदेशातील तीन अनुभव

सार्वजनिक वाळूवरील चित्रीकरणाचे जे अनुभव इतर देशांना आले, त्यांतील काही पंचायत सदस्यांनी मुद्दाम ध्यानी घ्यावेत असे आहेत.

पहिला अनुभव अमेरिकेचा. सेसिल डिमिल या दिग्दर्शकाने ‘टेन कमांडमेंट्स’ या १९२३ च्या मूकपटासाठी कॅलिफोर्नियातील ग्वादालुपे येथील वाळूच्या टेकड्यांत प्राचीन इजिप्तचे एक अख्खे नगर उभारले. प्रचंड वेशी, राजांचे पुतळे, सिंहाचे धड आणि माणसाचे मुख असलेल्या मूर्तींची रांग, असा तो थाट होता. काम संपल्यावर ते सारे मोडून वाळूतच पुरण्यात आले. पुढे साठ वर्षांनी, १९८३ मध्ये, ते अवशेष शोधून काढण्यात आले आणि नंतरच्या काळात उत्खनन करून त्यांतील काही भाग बाहेर काढावा लागला. ‘वाळूत पुरले म्हणजे संपले’ असे मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे आहे. पुरलेली वस्तू नाहीशी होत नाही. तिचा खर्च तेवढा पुढच्या पिढीवर ढकलला जातो.

त्याच राज्यात, मेक्सिकोच्या सीमेनजीकच्या वाळूच्या टेकड्यांवर १९८२ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटासाठी भव्य देखावा उभारण्यात आला. ही जमीन केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याची, म्हणजे सार्वजनिक आहे. अशा जमिनीवर व्यावसायिक चित्रीकरण करावयाचे तर आगाऊ परवाना घ्यावा लागतो, भाडे भरावे लागते आणि जागा पूर्ववत करून द्यावी लागते, अशी तेथील व्यवस्था आहे. हा देखावा काम संपल्यावर उतरविण्यात आला; तरीही त्याचे बारीकसारीक तुकडे वाळूत पुढे अनेक वर्षे सापडत राहिले. नियम असूनही काही उरतेच. मग नियमच नसतील तर काय उरेल, याची कल्पना करावी.

तिसरा अनुभव सर्वांत बोलका आहे आणि तो थायलंडचा आहे. ‘द बीच’ या २००० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे चित्रीकरण १९९९ च्या आरंभी फी फी बेटांतील माया उपसागराच्या काठी झाले. ती जागा राष्ट्रीय उद्यानात मोडते. पडद्यावर किनारा अधिक रम्य दिसावा म्हणून वाळूच्या टेकड्या सपाट करण्यात आल्या, तेथील मूळच्या वनस्पती काढण्यात आल्या आणि नारळाची झाडे आणून लावण्यात आली. चित्रीकरणानंतर जागा पूर्ववत करण्याचा प्रयत्न झाला. परंतु पुढच्या पावसाळ्यात, मुळांचा आधार गेलेली वाळू लाटांनी ढासळू लागली.

या प्रकरणात न्यायालयात कोण गेले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. क्राबी प्रांताची स्थानिक प्रशासन संस्था आणि आओ नांग या भागाची प्रशासन संस्था, म्हणजे महाराष्ट्राच्या परिभाषेत जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांसारख्या संस्था, दाद मागण्यासाठी उभ्या राहिल्या. अनुमती देणारे सरकारी खाते आणि चित्रपट निर्माण करणारी कंपनी हे दोघेही प्रतिवादी होते. हा लढा २३ वर्षे चालला. तडजोडीनुसार ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने किनाऱ्याच्या पुनर्वसनासाठी एक कोटी बाट देण्याचे मान्य केले. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याने पुनर्वसनाचे काम करावे, हा आदेश कायम केला. दरम्यान चित्रपटाच्या कीर्तीमुळे पर्यटकांची एवढी गर्दी झाली, की २०१८ च्या जूनपासून तो उपसागर बंद करावा लागला व २०२२ च्या जानेवारीत तो पुन्हा उघडण्यात आला.

काही आठवड्यांचे चित्रीकरण आणि २३ वर्षांचा न्यायालयीन लढा, हे प्रमाण विचार करण्याजोगे आहे. स्थानिक संस्था शेवटी यशस्वी झाल्या. परंतु तोच विचार अनुमती देण्यापूर्वी झाला असता, तर एवढा काळ आणि खर्च वाचला असता.

खडक, माळ आणि गवत

वाळूचा हा नियम इतर ‘ओसाड’ जमिनींनाही लागू आहे. ‘शोले’ हा १९७५ चा चित्रपट ज्या खडकाळ डोंगरांत घेतला गेला, ते कर्नाटकातील रामनगर प्रेक्षकांना केवळ दगडांचे रान वाटले. त्याच डोंगरांच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. देशभर गिधाडांची संख्या झपाट्याने घटल्यानंतर, २०१२ मध्ये तेथील रामदेवर बेट्ट हे गिधाडांचे अभयारण्य म्हणून राखण्यात आले. पडद्यावर जे दरोडेखोरांचे लपण्याचे ठिकाण होते, ते वास्तवात एका नष्टप्राय होत चाललेल्या पक्ष्याचे आश्रयस्थान होते.

नगर जिल्ह्याचा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. ते गवताळ माळावर आणि विरळ काटेरी झुडपांतच वसलेले आहे. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर घालून घेतली, पाणलोटाची कामे केली आणि उघड्या पडलेल्या डोंगरांवर गवत परत आणले. तेच गवत पुढे दुभत्या जनावरांचा आणि पर्यायाने गावाच्या उत्पन्नाचा आधार ठरले. जी जमीन निरुपयोगी म्हणून सोडून दिली होती, तीच गावाची तिजोरी निघाली.

तिसगावसारख्या गावात याचा व्यावहारिक अर्थ काय, ते एका कल्पित प्रसंगाने पाहता येईल. समजा, एखादी चित्रीकरण करणारी मंडळी माळावर युद्धाचा किंवा पाठलागाचा देखावा घेण्यासाठी आली. दोनशे माणसे, पंचवीस-तीस मोटारी, दोन जनरेटर आणि पंधरा दिवसांचा मुक्काम. मोटारींसाठी माळावरून रस्ता सपाट केला जाईल. पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांतून पाणी वाहू लागेल आणि दोन-तीन वर्षांत तेथे घळ पडेल. कुसळी, पवना आणि मारवेल यांची मुळे तुटली की त्या पट्ट्यात आधी तण उगवेल, गवत नव्हे. टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात. त्यांचा विणीचा हंगाम त्यात सापडला तर ती पिढी गेली. थर्माकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्यात मिसळतील. दोनशे माणसांना पंधरा दिवस लागणारे पाणी कोणत्या विहिरीतून येणार, हा प्रश्न तर सर्वांत आधी उभा राहील. ज्या तालुक्यात टंचाईच्या काळात माणसांसाठी टँकर लागतात, तेथे देखाव्यातील पावसासाठी गावची विहीर उपसली जाणे योग्य ठरणार नाही.

आणि हे नुकसान सर्वांचे सारखे होत नाही. ज्याच्याकडे बागायत आहे, त्याला गायरान गेल्याचे फारसे जाणवत नाही. ज्या भूमिहीन कुटुंबाचा संसार चार शेळ्यांवर चालतो, ज्या मेंढपाळाचा कळप दरवर्षी त्याच वाटेने येतो, त्याला मात्र एका हंगामाचा चारा गेल्याची झळ थेट चुलीपर्यंत लागते. नेमकी हीच माणसे ग्रामसभेत मागच्या रांगेत बसतात. म्हणून हा प्रश्न केवळ निसर्गाचा नाही, तो न्यायाचाही आहे.

कायद्याची चौकट

या बाबतीत देशात आणि राज्यात काही व्यवस्था आहे. तिची माहिती गावपातळीवर असणे अगत्याचे आहे. चित्रपटसृष्टीला हक्काची जागा मिळावी म्हणून राज्य शासनाने १९७७ मध्ये गोरेगाव येथे चित्रनगरी उभारली. तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले आहे. कोल्हापूर येथेही चित्रनगरी आहे. देखावे उभारण्यासाठी राखलेली जमीन असली म्हणजे प्रत्येक वेळी नवा डोंगर वा नवा माळ उकरण्याची गरज कमी होते, हा तिचा एक लाभ होय. चित्रनगरीबाहेरच्या चित्रीकरणासाठी निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्या एका ठिकाणी मिळाव्यात, म्हणून महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत एक खिडकी योजनाही सुरू करण्यात आली. परवानगी सुलभ होणे चांगलेच आहे. परंतु खिडकीच्या पलीकडच्या माणसाला माळावरच्या टिटवीचे अंडे दिसत नसते. ते गावालाच दिसते. म्हणून गावाने आपले म्हणणे लेखी आणि वेळेत कळविले पाहिजे.

अभयारण्याच्या क्षेत्रासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. २०२२ च्या सुधारणेने त्यात चित्रपट-निर्मितीचा स्पष्ट उल्लेख आला. तो असा, की अधिवासात कोणताही बदल न करता आणि त्यावर वा वन्यजीवांवर विपरीत परिणाम होऊ न देताच असे चित्रीकरण व्हावे. गावाच्या सामाईक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात दिलेला निर्णय मार्गदर्शक आहे. अशा जमिनींवरील बेकायदेशीर अतिक्रमणे दूर करून त्या ग्रामस्थांच्या सामाईक उपयोगासाठी परत मिळाव्यात, यासाठी योजना आखण्याचे निर्देश न्यायालयाने सर्व राज्यांना दिले. गायरान ही कोणाचीच नसलेली जमीन नाही. ती सर्वांची जमीन आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.

गावाने काय करावे

चित्रीकरणाला सरसकट नकार देणे हा उपाय नव्हे. गावाला उत्पन्न मिळावे, तरुणांना काम मिळावे, गावाचे नाव व्हावे, ही इच्छा रास्तच आहे. मात्र अनुमतीची रीत ठरलेली असावी.

सर्वप्रथम, मागितलेली जमीन कोणाची आहे हे सातबाऱ्यावरून पाहावे आणि परवानगी देण्याचा अधिकार कोणाचा आहे हे तहसील कार्यालयाकडून निश्चित करून घ्यावे. कोणा एकाच्या तोंडी होकारावर मोटारी आत येऊ देऊ नयेत. प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवावा आणि जनावरे चारणाऱ्यांना, विशेषतः महिलांना आणि मेंढपाळांना, बोलण्यास मुद्दाम अवसर द्यावा.

दुसरे, काम सुरू होण्यापूर्वी जागेचा पंचनामा करावा आणि छायाचित्रे घ्यावीत. काम संपल्यावर त्याच ठिकाणांवरून पुन्हा छायाचित्रे घ्यावीत. आधीची नोंद नसेल तर नंतरची तक्रार टिकत नाही.

तिसरे, भाड्याखेरीज अनामत रक्कम घेण्याची अट परवानगीत घालावी, असा आग्रह धरावा. पावसाळा होऊन गवत पुन्हा उगवल्याचे पाहिल्यानंतरच ती परत व्हावी. माया उपसागराच्या काठी वाळू ढासळू लागली ती पावसाळ्यात. मंडळी निघून गेली त्या दिवशी सारे ठीकच दिसत होते.

चौथे, मोटारींसाठी एकच वाट आखून द्यावी. जमीन सपाट करणे, माती वा मुरूम काढणे आणि कचरा पुरणे यांस मनाई असावी. पाणी मंडळींनी टंचाई नसलेल्या ठिकाणाहून आणावे. गवत वाढण्याचा आणि पक्ष्यांच्या विणीचा काळ वर्ज्य करावा.

पाचवे, मिळालेल्या रकमेचा हिशेब पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि तिचा काही भाग त्याच गायरानाच्या गवतासाठी, बांधबंदिस्तीसाठी वा जनावरांच्या पाणवठ्यासाठी खर्च करावा. ज्या जमिनीने मिळवून दिले, तिला काही परत मिळणे हा साधा व्यवहार आहे.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. अनेक ठिकाणी ती कपाटातच राहते. शाळेतील मुलांनी वर्षातून तीन वेळा, पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, आपल्या गावच्या माळावर जाऊन तेथील गवते, पाखरे, किडे आणि जनावरांच्या वाटा यांची नोंद केली, तर ती नोंदवही जिवंत होईल. गवतांची नावे मुलांना पुस्तकात मिळणार नाहीत. ती गुराखी आजोबांकडे आणि शेळ्या राखणाऱ्या आजींकडे मिळतील. एखाद्या दिवशी कोणी नकाशावर बोट ठेवून ‘ही जागा रिकामी आहे’ असे म्हणाला, तर ती वही त्याच्यापुढे उघडून ठेवता येईल.

वांगणीच्या पाटलाजवळ अशी वही नव्हती. त्याने दरोडेखोर समजून कलावंतांना अडविले, ही त्याची चूक होती. पण विचारल्यावाचून कोणाला गावात येऊ दिले नाही, हे त्याने योग्य केले. आजच्या पंचायतीला माहिती, कायदा आणि नोंद या तिन्ही साधनांची जोड आहे. त्यांच्या बळावर ती पाहुण्या कलावंताचे स्वागतही करू शकेल आणि सर्वांच्या जमिनीची राखणही करू शकेल. पडद्यावरचा देखावा तीन तासांत संपतो. त्याच्या मागची वाळू, खडक आणि गवत मात्र गावाजवळच राहते. आणि पुढच्या उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्या घेऊन कोणीतरी तेथे चारा शोधीत येणारच असते.